निर्मलची दप्तरे

हैदराबादहून नागपूरला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, गोदावरी ओलांडल्यानंतर लागणारे निर्मल हे गाव आज मुख्यतः पुनिकी नावाच्या हलक्या लाकडापासून केलेल्या खेळण्यांसाठी आणि नकाश कारागिरांच्या सोनेरी छटेच्या चित्रांसाठी ओळखले जाते; परंतु अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत या गावाची ओळख त्याहून वेगळी होती. गावाभोवतीचे किल्ले, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली झाल्याचे सांगितले जाणारे त्यांचे बांधकाम, परिसरातील लोखंडाच्या खाणी आणि उत्तरेकडील गोंड मुलखाचे सान्निध्य यांमुळे निर्मल हे निजामाच्या राज्यातील एक महत्त्वाचे लष्करी ठाणे झाले होते. या इतिहासाची कागदपत्रे शोधू जाता मात्र ती निर्मलमध्ये फारशी सापडत नाहीत. ती हैदराबादेत आहेत, पुण्या-मिरजेच्या दप्तरांतून छापली गेली आहेत, लंडनमधील एका विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि काही थोडी आदिलाबादच्या डोंगरातील घरांतून मिळालेली आहेत. कागद घटनेच्या जागी राहत नाहीत, ते सत्तेच्या जागी जाऊन पडतात, याचे निर्मलइतके स्पष्ट उदाहरण मराठी मुलखाच्या सीमेवर क्वचितच आढळेल.

याचे पहिले कारण प्रशासकीय आहे आणि ते वरवर रूक्ष वाटले तरी संशोधकाची निम्मी वाट तेच ठरवते. निर्मल हा तालुका १९०५ पर्यंत इंदूर, म्हणजे आजच्या निजामाबाद जिल्ह्यात होता. त्या वर्षी ‘सिरपूर तांडूर’ या नावाने चालत आलेल्या प्रदेशाचा आदिलाबाद जिल्हा झाला, तेव्हा निर्मल त्याला जोडला गेला. म्हणजे १९०५ पूर्वीचा जमाबंदीचा कागद, अर्थात शेतसारा ठरवल्याचा आणि वसूल केल्याचा हिशेब, इंदूरच्या नावाने नोंदलेला असणार आणि त्यानंतरचा आदिलाबादच्या. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, १९५६ साली, आदिलाबादेतील किनवट व राजुरा हे तालुके मराठी भाषक म्हणून मुंबई राज्याकडे गेले (राजुरा पुढे १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात समाविष्ट झाला), तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ हा भाग उलट दिशेने आंध्र प्रदेशात, आदिलाबादेत आला. पुढे तेलंगणातील जिल्ह्यांच्या फेररचनेत, ११ ऑक्टोबर २०१६ रोजी, निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला आणि मुधोळ व भैंसा त्यात आले. तेलंगणातील जमिनीच्या वादांत आजही आधार मानल्या जाणाऱ्या १९५४-५५ च्या ‘खासरा पहाणी’चे, म्हणजे प्रत्यक्ष वहिवाटदार कोण हे शेतनिहाय नोंदवणाऱ्या पत्रकाचे, उदाहरण घ्यावे: ते तयार झाले तेव्हा मुधोळ नांदेडात होते आणि निर्मल आदिलाबादेत. आज एकाच जिल्ह्यात असलेल्या या दोन गावांची कागदी वंशावळ त्यामुळे अगदी वेगळी आहे.

दुसरे कारण हैदराबादच्या मध्यवर्ती दप्तरव्यवस्थेत आहे. निजामाच्या राज्यात महसुलाचे कागद दीर्घकाळ दोन वंशपरंपरागत दफ्तरदार घराण्यांकडे होते. पश्चिमेकडील, बहुतांशी मराठी भाषक मुलखाचा कारभार ‘दफ्तर-ए-दिवाणी’कडे असे आणि ते दफ्तर रायरायान या पदवीने ओळखल्या जाणाऱ्या मराठी ब्राह्मण घराण्याकडे होते, पूर्वेकडील तेलंगणाचा कारभार ‘दफ्तर-ए-माल’कडे असे आणि ते मालवाला या नावाने प्रसिद्ध असलेल्या कायस्थ घराण्याकडे होते. राज्याचे कागद हे त्या काळी जवळजवळ खाजगी मालमत्तेसारखे दफ्तरदाराच्या वाड्यात राहत आणि दफ्तरदाराला वगळून दिवाणालाही राज्याचे उत्पन्न नेमके कळत नसे. दिवाण पहिले सालारजंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही मक्तेदारी मोडून काढली आणि दप्तरे सरकारी ताब्यात घेतली. जिल्हाबंदीची, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी करण्याची, प्रसिद्ध सुधारणा त्यानंतरची आहे आणि आधी कागद हाती आले नसते तर ती होणे कठीण होते. आज ही दप्तरे हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात आहेत. तेथेच शहाजहान व औरंगजेब यांच्या काळातील दक्षिणेतील मोगल कारभाराचे फारसी कागदही मोठ्या संख्येने आहेत, त्यांत ‘अर्ज-ओ-चेहरा’ या नावाचे कागद विशेष उल्लेखनीय होत: मनसबदाराच्या शिपायाचे वर्ण, कपाळ, भुवया, जखमांच्या खुणा आणि त्याच्या घोड्याचा रंग व डाग यांचे वर्णन त्यांत असते, जेणेकरून हजेरीच्या दिवशी दुसराच माणूस वा भाड्याचे घोडे उभे करता येऊ नये. राजांच्या इतिहासात ज्यांना कधीच जागा मिळाली नसती अशा सामान्य माणसांचे चेहरे केवळ सरकारी संशयामुळे टिकले, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

या कागदांच्या वाचनात पहिली अडचण लिपीची नसून कालगणनेची असते. हैदराबादचा महसुली कागद फसली सनात असतो, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. दरबारी फारसी कागद हिजरी सनात असतो. पेशव्यांकडील मराठी पत्र सुहूर सनात असते, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात आणि तो सन पुष्कळदा अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. खाजगी मराठी कागदावर शालिवाहन शक येतो. निर्मलसारख्या ठिकाणी, जेथे या चारही प्रकारच्या कागदांचे येणे-जाणे होते, तेथे एका सनाच्या जागी दुसरा समजल्यास घटना सहज दहा वर्षांनी पुढेमागे सरकते, आणि छापील स्थानिक इतिहासांत असे सरकणे वारंवार दिसते.

अठराव्या शतकातील निर्मलचे सर्वांत ठळक नाव इब्राहीम बेग, किताब जफरुद्दौला, आणि मराठी कागदांत ज्याचा उल्लेख ‘धौंसा’ असा येतो त्या सरदाराचे आहे. निजाम अलीच्या प्रमुख सेनापतींपैकी तो एक होता आणि निर्मल ही त्याची जहागीर होती. १७७६-७७ मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीविरुद्ध पुणे आणि हैदराबाद यांनी संयुक्त मोहीम काढली, तेव्हा निजामाच्या फौजेचे नेतृत्व धौंशाकडे होते आणि मराठ्यांच्या बाजूने परशुरामभाऊ व इतर पटवर्धन सरदार कर्नाटकात उतरले होते. जानेवारी १७७७ मध्ये सावनूरच्या बाजूस हैदरच्या सरदाराने पटवर्धनांच्या एका तुकडीचा मोड केला. कोन्हेरराव पटवर्धन त्यात पडले आणि पांडुरंगराव पकडले गेले. धौंशाची फौज मात्र निर्णायक वेळी उपयोगी पडली नाही आणि हैदरने त्याला पैसे चारले, असा आरोप समकालीनांनी केला व पुढच्या इतिहासकारांनी तो उचलला.

या काळाचे मराठी साधन म्हणजे पटवर्धन घराण्याची पत्रे. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालिकेतून ती प्रसिद्ध केली. ही पत्रे घरगुती आहेत आणि सरकारीही. एकाच पत्रात फौजेच्या खर्चाची ओढ, सावकाराचे देणे, कोणाचे दुखणे आणि शत्रूची हालचाल येते, कारण सरदाराचे घर आणि सरदाराची छावणी यांचे हिशेब त्या काळी वेगळे नव्हते. खरेशास्त्र्यांनी पत्रांच्या आधाराने प्रत्येक भागास जोडलेली प्रकरणवार हकीकत आजही वाचनीय आहे, जरी तिची सहानुभूती उघडपणे पटवर्धनांकडे असली तरी. आणि नेमका येथेच एका बाजूच्या कागदांवर विसंबण्याचा धोका दिसतो. मराठी पत्रव्यवहारातून दिसणारा धौंसा हा भरवसा न ठेवण्याजोगा दोस्त आहे. हैदराबादच्या बाजूने पाहिले तर तो एका बंडखोराचा बाप आहे, कारण त्याच्यामागे त्याचा मुलगा एहतिशामजंग याने निर्मलच्या बळावर मालकाविरुद्ध डोके वर काढले आणि १७८० नंतरच्या काही वर्षांतच निजाम अलीला स्वतः फौज घेऊन निर्मलवर जावे लागले. खुद्द निर्मलच्या परंपरेत मात्र तोच धौंसा तटबंदी उभारणारा, कारागिरांना आश्रय देणारा म्हणून स्मरला जातो. तिन्ही चित्रे आपापल्या कागदांपुरती खरी आहेत. परंतु त्यांपैकी दोनच लिहून ठेवली गेली आणि तिसरे केवळ बोलण्यात राहिले, म्हणून छापील इतिहासात पारडे आपोआप झुकते.

किल्ल्यांपेक्षा अधिक दूर पोचलेली निर्मलची गोष्ट पोलादाची आहे. निर्मलजवळच्या दिमदुर्ती परिसरातील लोहखनिज गोदावरीपलीकडील कोनसमुद्रम या गावी नेले जाई आणि तेथे मातीच्या मुशीत, म्हणजे बंद तोंडाच्या भट्टीपात्रात, वितळवून त्याच्या पोलादी वड्या केल्या जात. दमास्कसच्या नावाने जगभर ओळखल्या गेलेल्या तलवारींसाठी दक्षिण भारतातील असेच पोलाद पश्चिमेकडे जात असे. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय पाहणीबरोबर हिंडणारा वैद्य व भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री वॉयसी याने १८२० च्या सुमारास कोनसमुद्रमची भट्टी पाहिली आणि खनिजाचे मिश्रण, मुशीची माती, भट्टीची धग किती वेळ ठेवतात येथपर्यंत सारे टिपून ठेवले. इराणातील इस्फाहानहून पोलाद खरेदीसाठी आलेला एक व्यापारी त्याला तेथे भेटला; हा माणूस वड्यांचे वजन आणि वितळवण्याचे काम स्वतः उभा राहून पाहत असे. वॉयसी १८२४ मध्ये वारला आणि त्याचे हे टिपण १८३२ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात, त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. एका परक्या माणसाच्या खाजगी टिपणवहीतील ही काही पाने नसती तर कोनसमुद्रमच्या लोहारांच्या कौशल्याचा इतका तपशीलवार पुरावा राहिला नसता, कारण ज्यांच्या हातात ते कौशल्य होते त्यांनी ते लिहिले नाही आणि ज्यांच्याकडे लिहिण्याची सोय होती त्या महसुली कारकुनांना भट्टीवरच्या कराखेरीज तिच्यात काही रस नव्हता.

निर्मलच्या सामूहिक स्मरणात सर्वांत खोल रुजलेली घटना रामजी गोंड याच्या उठावाची आहे. गोंड, रोहिले आणि इतर बंडवाल्यांना घेऊन त्याने निजाम व इंग्रज या दोघांशी लढा दिला, तो पकडला गेला आणि त्याला सुमारे हजार साथीदारांसह निर्मलजवळच्या एका वडाच्या झाडावर फाशी देण्यात आले, असे परंपरा सांगते. ‘वेय्यि उरुला मर्रि’, म्हणजे हजार फासांचा वड, हे तेलुगू नाव त्या झाडाला त्यावरूनच मिळाले. या घटनेची तारीख काही ठिकाणी एप्रिल १८५७ अशी दिली जाते, तर काही ठिकाणी १८६० हे वर्ष येते. पहिली तारीख स्वीकारणे कठीण आहे: मीरतचा उठाव १० मे १८५७ चा, हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेन्सीवरील तुर्रेबाजखान व मौलवी अलाउद्दीन यांचा हल्ला १७ जुलै १८५७ चा, आणि शेजारच्या चांदा भागातील उठावाचे नेते बाबुराव शेडमाके यांना फाशी झाली ती २१ ऑक्टोबर १८५८ रोजी. रामजीचा लढा या मालिकेतील असेल, आणि तो तसा होता हे सर्वमान्य आहे, तर तो तिच्या आरंभी नसून अखेरीस असला पाहिजे. हैदराबाद संस्थानातील स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास संकलित करण्यासाठी नेमलेल्या समितीने १९५६ साली या काळाचे निवडक कागद छापले, तेव्हापासून अभ्यासकांना रेसिडेंट आणि दिवाण यांच्यातील पत्रव्यवहार हाताशी आला आहे. परंतु हा पत्रव्यवहार बंदोबस्त करणाऱ्यांचा आहे. त्यात बंडवाले म्हणजे पकडायची, मोजायची आणि शिक्षा द्यायची माणसे. हजार हा आकडा अक्षरशः घ्यायचा की ‘अगणित’ अशा अर्थाने, याचा निवाडा अशा कागदांनी होईल, पण रामजी का उठला हे ते कागद सांगणार नाहीत. ते काम झाडाच्या नावाने अधिक चांगले केले आहे.

गोंडांच्या बाजूचे लेखन त्यानंतर ऐंशी वर्षांनी, आणि तेही परक्या हातांनी सुरू झाले. १९४० मध्ये जोडेघाट येथे गोंड नेता कुमराम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेल्यावर जंगल खात्याच्या जुलमाची चौकशी करणे सरकारला भाग पडले. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ युद्धकाळात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरल्यामुळे हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतच अडकून पडले होते. ते १९४१ पासून पत्नी बेटी यांच्यासह मारलावाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिले. त्यांच्या अहवालांतून गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याची योजना निघाली, १९४३ मध्ये मारलावाईत शिक्षक-प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. लिपीची ही निवड योगायोगाची नव्हती: पश्चिम आदिलाबादेत बाजाराची आणि गावोगावच्या व्यवहाराची भाषा मराठी होती, आणि गोंड राजांच्या कथा गोंडीत गाणाऱ्या परधान समाजाची घरची भाषाही मराठीच आहे. हायमेनडोर्फ दांपत्याच्या दैनंदिन्या, क्षेत्रटिपणे, हजारो छायाचित्रे आणि चित्रफिती आज लंडन विद्यापीठाच्या पौर्वात्य व आफ्रिकी अभ्यास संस्थेत जतन केलेल्या आहेत. बेटी १९८७ मध्ये वारल्या व त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन मारलावाईत झाले. कागद मात्र लंडनला आहेत.

याच काळात आणि याच डोंगरांत एका मराठी माणसाने केलेले काम महाराष्ट्रात पुरेसे लक्षात ठेवलेले नाही. सेतुमाधवराव पगडी (१९१०-१९९४) यांना मराठी वाचक शिवकालाचे अभ्यासक आणि फारसी साधनांचे अनुवादक म्हणून ओळखतो; परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेत असताना त्यांनी आदिलाबादच्या आदिवासी भागात, उटनूरला, अधिकारी म्हणून काम केले, गोंडी व कोलामी या भाषा शिकून घेतल्या आणि दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. फारसी, उर्दू, तेलुगू, मराठी आणि गोंडी या पाचही भाषांत ज्याला या जिल्ह्याचा कागद वाचता आणि माणूस ऐकता आला असता, असा इतिहासकार दुसरा सांगता येत नाही. पुढे भाषावार प्रांतरचनेनंतर ते मुंबईस आले, महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचे सचिव झाले आणि त्यांचे लक्ष स्वाभाविकपणे सतराव्या-अठराव्या शतकांकडे वळले. मराठ्यांच्या इतिहासाचा त्यात फार मोठा लाभ झाला, हे निर्विवाद. आदिलाबाद-निर्मलचा समग्र, सर्व भाषांतील कागदांवर आधारलेला इतिहास मात्र त्यामुळे लिहायचा राहून गेला, हेही तितकेच खरे.

या प्रदेशात कागद संपले असे समजण्याचे कारण नाही, याचा पुरावा एकविसाव्या शतकात मिळाला. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाला या गावी गोंडी भाषेतील सुमारे डझनभर हस्तलिखिते सापडली, तीही देवनागरी वा तेलुगूत नव्हे तर एका स्वतंत्र लिपीत लिहिलेली. प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या पुढाकाराने त्यांचा अभ्यास झाला, गावातील मोजक्या वृद्धांना ती लिपी अद्याप वाचता येत होती म्हणून ती उलगडली आणि २०१८ मध्ये ‘गुंजाला गोंडी’ या नावाने संगणकीय लिपींच्या जागतिक प्रमाणकात तिचा समावेश झाला. महिन्यांची, सणांची, संख्यांची माहिती आणि गोंड राजांच्या बंडांच्या हकीकती त्या पोथ्यांत आहेत. ज्या समाजाला शंभर वर्षे ‘लेखनविहीन’ म्हटले गेले त्याच्या घरात पोथ्या होत्या; त्या कोणी मागितल्या नव्हत्या.

निर्मल, मुधोळ, भैंसा आणि सीमेपलीकडील धर्माबाद, किनवट, माहूर या पट्ट्यातील मराठी घरांबाबतही हाच प्रश्न विचारला पाहिजे. देशमुख आणि देशपांडे, म्हणजे परगण्याचा वसूल गोळा करणारे आणि त्याचा हिशेब ठेवणारे वतनदार, तसेच गावपातळीवरील पटवारी व कुलकर्णी यांच्याकडे सनदा, वतनाच्या तंट्यांचे निवाडे, वसूलबाकीचे तक्ते आणि खाजगी पत्रे मोडी लिपीत राहत आली. असे कागद ‘रुमालात’, म्हणजे चौकोनी कापडात बांधून ठेवण्याची पद्धत आहे आणि एका रुमालातील कागदांचा क्रम हाच पुष्कळदा त्यांचा अर्थ असतो. तारीख नसलेली चिठ्ठी कोणत्या वर्षाची हे शेजारच्या कागदावरून ठरते. म्हणून ज्यांच्या घरी असा रुमाल असेल त्यांनी तो सोडून कागद ‘महत्त्वाचे’ आणि ‘बिनमहत्त्वाचे’ असे वेगळे करू नयेत, फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकच्या थरात ते बंद करून घेऊ नयेत, आणि विकायचेच झाले तर मोहोर उमटलेली एकटी सनद विकून बाकीचे रद्दीत घालू नयेत. कागद कोणत्या गावातून, कोणत्या घराण्याकडून आला याची नोंद त्याच्याबरोबर राहिली पाहिजे. नोंद नसलेला कागद संग्रहालयाच्या काचेखाली शोभतो, परंतु पुरावा म्हणून उभा राहत नाही. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांनी घरोघरच्या रुमालांतून आपले संग्रह उभे केले, पण त्यांची फिरस्ती या बाजूस फारशी झाली नाही आणि राज्याची सीमा बदलल्यावर तर निर्मल-मुधोळ त्यांच्या नकाशाबाहेरच गेले. तेलंगणाच्या अभिलेखागारास मोडी वाचणारे हवे आहेत, महाराष्ट्राच्या मंडळांना फारसी आणि तेलुगू वाचणारे हवे आहेत. दोघांनी मिळून या सात-आठ तालुक्यांतील घरगुती कागदांची एक समाईक सूची करण्याचे काम हाती घ्यावे आणि ते मोडी वाचणारी शेवटची जाणती पिढी असेपर्यंत घ्यावे.